कुंग फू मधली ची, दानतियान आणि ताओ वगैरे: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी गेली अकरा वर्षं ताई ची (कुंग फूचाच एक संथ प्रकार) शिकतेय आणि त्यातली शेवटची चारेक वर्षं दर रविवारी सकाळी नवीन लोकांना उभं राहायला शिकवते (हो, उभं राहायला, येईलच ते खाली). दर बॅचला तेच प्रश्न येतात, कधी कोणी यूट्यूबवर काहीतरी बघून येतं, कधी कोणाच्या मुलाने सांगितलेलं असतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. मास्टर वगैरे मी अजिबात नाही, एक गुडघा स्वतःच्या हाताने बिघडवून पुन्हा नीट केलाय एवढंच क्वालिफिकेशन.

ची म्हणजे नक्की काय?

चिनी अक्षर जुन्या पद्धतीने लिहिलं तर त्यात वाफ आहे आणि तिच्या खाली तांदूळ, म्हणजे भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर भस्सकन जे वर येतं ते डोळ्यापुढे आणा. रोजच्या चायनीजमधे हा शब्द बिलकुल गूढ नाहीये, हवामानाला ते लोक 'आकाशाची ची' म्हणतात, हवेच्या शब्दात ची आहे, आणि कोणी चिडलं तर त्याच्यात 'ची तयार झाली' असं म्हणतात.

मराठीत मला सगळ्यात जवळचा वाटणारा शब्द म्हणजे दम. बघा ना, जिना चढून दम लागतो, जरा दम धर म्हणतो आपण, शेजारी पार्किंगवरून दम देतो, बिर्याणी दमावर ठेवतात (तांदूळ आणि वाफ, परत तेच!), आणि कोणाचं तरी पोरगं बघून म्हणतो की याच्यात दम आहे. श्वास, धीर, धाक, वाफ, ताकद सगळं एका शब्दात बसलंय आणि आजवर कोणी विचारलेलं नाही की हा दम नक्की कुठल्या अवयवात असतो आणि एक्स-रे मधे दिसतो का. ची चं तसंच आहे. क्लासमधे मी 'ची खाली सोडा' म्हटलं की माणसाचे खांदे उतरतात, श्वास छातीतून पोटात जातो आणि वजन तळपायाला जाणवायला लागतं, तिन्ही एकदम. हेच मी स्नायूंची नावं घेऊन सांगायला गेले तर तो पहिल्याच नावाला अडकून बसेल.

याच्या पलीकडे शरीरात वाहणारी वेगळी काही शक्ती आहे का, असं विचाराल तर ती कुठल्या यंत्रावर मोजली गेलेली नाही आणि मला शिकवताना तिची गरज कधी पडलेली नाही. माझं मत एवढंच की ची हा शिकवणाऱ्याचा शब्द आहे, त्याने शरीर काय करतं ते बघायचं.

ताई ची मधला ची तो हाच का?

नाही! हा घोळ इंग्रजी स्पेलिंगमुळे झालाय. ताई ची मधला 'ची' म्हणजे टोक, परमोच्च सीमा, ताई ची म्हणजे परमतत्त्व, ज्यातून यिन आणि यांग (एकमेकांच्या उलट पण एकमेकांना पूरक अशा दोन बाजू) निघतात, तेच ते काळं-पांढरं गोल चित्र. आणि शक्तीवाला जो शब्द आहे त्याचा चिनी उच्चार खरं तर 'छी' च्या जवळ जातो, पण मराठीत 'आज आपण पोटात छी साठवूया' असं कोण म्हणणार, त्यामुळे सगळे ची च म्हणतात, मी पण म्हणते.

म्हणजे आपला प्राणच ना? आणि कुंडलिनी?

चुलत भावंडं म्हणा, जुळी नाहीत. दोन्हीकडे श्वासावरून सुरुवात आणि दोन्हीकडे शरीरात वाहणाऱ्या वाटांचा नकाशा आहे, पण नकाशे वेगळे आहेत. आपल्याकडे नाड्या आणि चक्रं, त्यांच्याकडे बारा मुख्य वाहिन्या आणि आठ जादाच्या, शिवाय तीन दानतियान (ची साठते असं मानतात त्या जागा). ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे ते ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल, तिथे सगळा ओघ वर जाण्याकडे आहे. ताओवादी साधनेत (ताओ म्हणजे 'वाट', सृष्टीचा सहज ओघ) मात्र पाठीच्या कण्यातून वर नेलं की पुढच्या बाजूने परत पोटाकडे उतरवायचं असा फेरा असतो, आणि कुंग फू शिकवणारे तर वर नेण्यापेक्षा खाली उतरवण्याच्याच मागे लागलेले असतात, कारण ज्याचं वजन वर असतं तो धक्का लागला की पडतो. योगा बरीच वर्षं केलेले लोक येतात त्यांचा श्वास छान असतो पण छाती पुढे काढून उभे राहतात, ती खाली सोडायला दोन महिने जातात.

इंटर्नल आणि एक्स्टर्नल कुंग फू म्हणजे काय?

इंटर्नलमधे साधारण तीन नावं घेतात, ताई ची, शिंग यी (सरळ रेषेत घुसणारी) आणि बा ग्वा (गोलात चालत राहायचं), आणि शाओलिन या बौद्ध मठातलं वगैरे ते एक्स्टर्नल. ही विभागणी पहिल्यांदा लेखी सापडते ती १६६९ मधे, हुआंग झोंग-शी नावाच्या विद्वानाने एका मुष्टियोद्ध्याच्या समाधीलेखात लिहिलंय की शाओलिन हे बाहेरचं आणि वुडांग डोंगरावरच्या झांग सान-फेंग या ताओवादी साधूपासून आलेलं ते आतलं. गंमत अशी की त्याच्या पंचवीस वर्षं आधी मांचूंनी (ईशान्येकडच्या परक्या लोकांनी) चीन घेतलेला होता आणि हा हुआंग जुन्या मिंग राजवटीचा कट्टर निष्ठावंत, त्यामुळे काही अभ्यासकांना वाटतं की 'बाहेरचं' म्हणजे परदेशातून आलेलं आणि 'आतलं' म्हणजे आपल्या मातीतलं असा राजकीय टोमणाच होता तो. आजच्या ताई ची चा त्यात उल्लेख पण नाही.

ताई ची चा ज्याचा पुरावा लागतो तो इतिहास हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ नावाच्या खेड्यापासून सुरू होतो, तिथल्या चेन घराण्याकडे ही विद्या होती, १७९९ मधे जन्मलेला यांग लू-चान तिथे शिकला आणि नंतर बीजिंगला जाऊन बड्या मांचू घरांमधे शिकवायला लागला. पार्कात पांढऱ्या कपड्यातले आजोबा सावकाश करतात ती यांग शैली त्याच्या नातवाने, यांग चेंग-फूने, संथ आणि मोठ्या हालचालींची करून पसरवली. आणि आपल्याकडे बरेच जण जो चोवीस हालचालींचा फॉर्म (हालचालींचा ठरलेला क्रम) शिकतात तो १९५६ चा, चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने बसवलेला. त्यामुळे कोणी पाच हजार वर्षांपूर्वीचा फॉर्म शिकवतो म्हणाला तर हसून सोडून द्या.

तीच गत ची गोंगची. श्वासाचे व्यायाम जुने आहेतच पण त्या सगळ्याला मिळून ची गोंग हे नाव चीनमधे सगळीकडे रुजलं ते १९५० च्या दशकात, सरकारी दवाखान्यांमधून.

पण हे सगळं बोधिधर्माने शिकवलं ना? म्हणजे मूळ आपलंच!

या प्रश्नावर दर वेळी दोन माणसं नाराज होतात. बोधिधर्म भारतातून चीनला गेला आणि झेन परंपरा त्याला पहिला गुरू मानते इथवर ठीक, पण त्याच्याबद्दलच्या सगळ्यात जुन्या लिखाणात मारामारीचा म शब्द नाही. त्याच्या नावावर जो स्नायू बदलण्याचा व्यायामग्रंथ खपवतात, यी जिन जिंग, तो १६२४ च्या सुमाराचा आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी, आणि लिहिणारा ताओवादी. शाओलिनचे भिक्षू लढायचे हे खरंच आहे, मिंग काळात ते काठी चालवण्यासाठी प्रसिद्ध होते. आपल्याला अभिमानासाठी मल्लखांब आणि कोल्हापूरच्या तालमी आहेत की, दुसऱ्याचं कशाला ओढून आणायचं.

मग तत्त्वज्ञान वाचावं लागतं का? ताओ, यिन-यांग, वू वेई?

वाचलंत तर मजा येईल, नाही वाचलंत तरी शरीराला कळतं. यिन-यांग म्हणजे क्लासमधे फक्त एवढंच की एक पाय भरलेला आणि एक रिकामा, दोन्हींवर अर्धं अर्धं वजन घेऊन उभे राहिलात तर हलायला उशीर होतो. लाओत्से हा जुना ताओवादी गुरू पाण्याचं उदाहरण देतो, मऊ असून कठीणाला झिजवतं, ते पुश हँड्स (जोडीने हाताला हात लावून एकमेकांचा तोल घालवायचा सराव) करताना पटतं.

वू वेई चा अर्थ लोक 'काही न करणं' असा घेतात आणि खूश होतात. त्यावर मी च्वांग-त्सु या दुसऱ्या जुन्या ताओवाद्याची डिंग नावाच्या खाटकाची गोष्ट सांगते. साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला, आणि या डिंगची सुरी एकोणीस वर्षं झाली तरी आत्ताच धार लावल्यासारखी, कारण तो हाड कापतच नाही, सांध्यातली फट शोधून तिथून जातो. पण त्याच गोष्टीत पुढे तो म्हणतो की अवघड जागा आली की मी सावध होतो, नजर रोखतो, हात अगदी हळू करतो. हे पुढचं कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

दानतियान कुठे असतं? मला सापडत नाही.

तिन्हींपैकी आपल्याला लागतं ते खालचं, बेंबीखाली साधारण तीन बोटं आणि तिथून आत. शस्त्रक्रियेत सापडेल अशी वस्तू नाही ती, जागा आहे. झोपून पोटावर पाण्याने भरलेलं छोटं पातेलं ठेवा आणि श्वासाने ते वर-खाली होऊ द्या, हिंदकळू न देता, एवढंच पंधरा दिवस. छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा खाली सरकतो, पोट सगळ्या बाजूंनी फुगतं, कमरेला मागे पण जाणवतं. आणि तिथे लक्ष ठेवल्याने एक व्यावहारिक फायदा होतो, उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण त्याच पट्ट्यात असतो, त्यामुळे तिथून हललात की सगळं शरीर एकत्र हलतं. दोन महिन्यांत सापडलं नाही तरी बिघडत नाही, मला दोन वर्षं लागली आणि मधल्या काळात मी सापडल्याची ॲक्टिंग करत होते.

नुसतं उभं राहून काय होणार?

हा माझा आवडता प्रश्न. झान झुआंग म्हणतात त्याला, खांबासारखं उभं राहणं, झाडाला सैल मिठी मारल्यासारखे हात धरून. वांग शिआंग-झाई नावाचा शिंग यी चा मोठा माणूस होता (१९६३ मधे वारला), त्याने तर सगळे फॉर्म बाजूला ठेवून यावरच आपली शैली उभी केली.

पहिलं मिनिट सोपं जातं. दुसऱ्या मिनिटाला कळतं की खांदे कानाला लागलेत. चौथ्याला हात थरथरतात आणि मनात विचार येतो की गॅस बंद केला का. मग थरथरायला लागलं की आपण जास्त ताकद लावतो आणि अजून थरथरतं, आणि कधीतरी, माझ्या बाबतीत तिसऱ्या महिन्यात, हाताला धरून ठेवायचं काम खांद्याकडून पाठीकडे आणि पाठीकडून पायाकडे गेल्यासारखं झालं आणि हात हलका झाला. गावाकडे डोक्यावर दोन हंडे घेऊन चालणाऱ्या बायका आठवा, मान ताठ पण आवळलेली नाही, सगळं वजन हाडांमधून सरळ जमिनीत, आणि वर गप्पा चालू. आमचे सर म्हणतात ना की डोकं वरून दोऱ्याने टांगलंय असं समजा, त्यापेक्षा मला हंडा लवकर समजला.

हाताला मुंग्या येतात, गरम होतं. ची आली का?

अभिनंदन, रक्त आलं. स्नायू सैल पडले की बोटांतल्या रक्तवाहिन्या उघडतात, हात गरम आणि जड होतात. पण मुंग्या ओठांभोवती पण येत असतील आणि चक्कर वाटत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त श्वास घेताय, थांबा, बसा.

ताकद लावायची नाही म्हणता, मग जोर येतो कुठून? एक इंचाचा पंच कसा काय?

चायनीजमधे दोन वेगळे शब्द आहेत. ली म्हणजे नुसती दंडाची ताकद आणि जिन म्हणजे शिकलेली, सगळ्या अंगातून आलेली ताकद. यांग चेंग-फूच्या दहा मुद्द्यांत एक आहेच की मनाचा हेतू वापरा, जोर नको.

माझी आजी सातारा जिल्ह्यातली, तिच्याकडे जातं होतं. लहानपणी सुट्टीत मी हट्टाने बसायचे आणि दंडाने ओढायचे, दहा फेऱ्यांत खांदा गेला. आजी एक पाय लांब, एक दुमडून बसायची आणि खुंट्यावर हात नुसता ठेवलेला असायचा, पुढे-मागे व्हायची ती कंबर, ओवी म्हणत तासभर. पीठ पण बारीक. पुढे कितीतरी वर्षांनी सरांनी चेन शैलीतलं रेशीम गुंडाळण्याचं चक्र शिकवलं, हात गोल फिरतो पण फिरवते कंबर, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले अहो हे तर जातं! सरांना जातं माहीत नव्हतं, ते केरळचे.

ब्रूस लीने १९६४ मधे लाँग बीचला एक इंचाचा पंच दाखवला त्यातही तेच, पायाने जमीन ढकलली, गुडघा, कंबर, खांदा, मनगट एका मागोमाग एक इतक्या पटकन की बघणाऱ्याला फक्त मूठ हललेली दिसली. यात जादू काही नाही पण सोपंही नाही. मला अजून जमत नाही, मी आठ इंचावर आहे.

हात न लावता माणसं पाडतात ते खरं असतं का?

नाही. मी साडेतीन हजार भरून एका वर्कशॉपला गेले होते, नाव नको. त्या गृहस्थांनी लांबून हात हलवला की त्यांचे शिष्य धडाधड मागे जायचे, एक तर खुर्चीवर पडला. माझी पाळी आली, मी उभी. त्यांनी परत केलं, मी उभी. मग मला सांगण्यात आलं की माझी ची ब्लॉक आहे आणि त्यासाठी लेव्हल टू करावी लागेल. ते शिष्य खोटारडे होते असं मला अजूनही वाटत नाही, वर्षानुवर्षं गुरूला साथ द्यायची सवय लागली की शरीर आपोआप पडतं, कुणीतरी जांभई दिली की आपण देतो तसं.

गळ्यावर भाला टेकवून वाकवतात तो दांडा लवचिक लाकडाचा असतो, एकदा वाकला की टोकावरचा जोर फारसा वाढत नाही. तरी घरी करू नका. आणि अंगात शक्ती आली की गोळी लागत नाही हे चीनमधे १९०० च्या बॉक्सर बंडात (परकीयांविरुद्धच्या उठावात) हजारो तरुण मुलांनी खरं मानलं होतं, गोळ्या लागल्या.

मग खऱ्या मारामारीत ताई ची चालते का?

कोण करतंय आणि रोज कशाची प्रॅक्टिस करतंय त्यावर आहे. २०१७ मधे चेंगडूला शू शिआओ-दोंग या एमएमए (सगळ्या प्रकारची मारामारी चालते तो खेळ) फायटरने वेई लेई नावाच्या ताई ची मास्टरला अर्ध्या मिनिटाच्या आत झोपवलं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. १९५४ मधे मकाऊला ताई चीच्या वू शैलीचे वू गोंग-यी आणि व्हाइट क्रेन या दुसऱ्या कुंग फू शैलीचे चॅन हाक-फू यांची जाहीर लढत झाली होती, ती बघा, दोघं मोठी नावं आणि प्रत्यक्षात रिंगणात चाललं होतं ते गल्लीतल्या भांडणापेक्षा फार वेगळं नाही, शेवटी निकालच दिला नाही. जो माणूस कधी तोंडावर ठोसा खात नाही त्याला तोंडावरच्या ठोशाची सवय कुठून होणार. आमच्याकडे पुश हँड्स होतं, त्यातून समोरच्याचा जोर हाताला कळायला लागतो, तोल सांभाळता येतो, पण ते म्हणजे मारामारी नव्हे. सेल्फ डिफेन्स हवा असेल तर बॉक्सिंग किंवा ज्युडो लावा आणि वाटलं तर आमच्याकडे रविवारी या.

तब्येतीला उपयोग?

तोल सांभाळण्यासाठी चांगला पुरावा आहे. २०१२ मधे अमेरिकेत पार्किन्सन्सच्या १९५ पेशंट्सवर अभ्यास झाला, आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे, ताई ची करणाऱ्यांचा तोल बाकी दोन गटांपेक्षा सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. यामुळे गोळ्या बंद करा, ट्यूमर विरघळतो असं कोणी सांगत असेल तर चप्पल घाला आणि निघा.

धोका आहे का काही?

गुडघे! माझा उजवा गेला कारण मला व्हिडिओतल्यासारखं खाली बसायचं होतं आणि भरलेल्या पायावर वळताना गुडघा आत पडत होता, जिना उतरताना दोन महिने आई आई करत होते. नियम सोपा, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेला, आणि वळायचं ते जांघेच्या सांध्यातून. कमी खाली बसा, कोणी बक्षीस देत नाही.

दुसरा धोका डोक्याचा. तासन् तास डोळे मिटून शक्ती फिरवत बसणं सगळ्यांना झेपत नाही. चिनी लोक त्याला 'आग भरकटली, सैतान शिरला' म्हणतात, आणि १९९४ च्या अमेरिकन मानसोपचार मॅन्युअलमधे ची गोंग मुळे होणाऱ्या मानसिक त्रासाची नोंद आहे. आधी असा आजार झाला असेल तर डॉक्टरला विचारा, डोळे उघडे ठेवून हालचाली करा आणि पुस्तकं वाचून एकट्याने श्वास कोंडू नका.

सर कसे निवडायचे?

ते स्वतःला हात लावू देतात का बघा. स्वतः पडतात का, चुकलं तर हसतात का. फी आधी सांगतात का. भिंतीवर किती सर्टिफिकेटं आहेत ते शेवटी.

मांसाहार चालतो का? मासिक पाळीत करू का? कपडे कोणते?

चालतो. करा, जमेल तेवढं. कुठलेही, फक्त पातळ सपाट तळव्याचे बूट घाला, रनिंग शूजमधे जमीन लागत नाही पायाला.

किती वर्षांत येतं?

कुंग फू या शब्दाचा अर्थच मुळात मेहनतीने आणि वेळ देऊन मिळवलेलं कसब असा आहे, चहा नीट करण्याला पण ते कुंग फू म्हणतात. बॅचमधल्या ६८ वर्षांच्या काकू सात महिन्यांत बस ब्रेक मारते तेव्हा दांड्याला न लटकता उभ्या राहायला लागल्या, त्यांना तेवढंच हवं होतं आणि आता त्या येत नाहीत. मला अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात सर आले होते, मी उभी होते, त्यांनी मागून येऊन माझ्या उजव्या खांद्यावर एक बोट ठेवलं आणि म्हणाले, हा अजून वर आहे.